राखण सोडलेल्या सकाळी

११ मार्च, मंगळवार. सोनाळा

कँटीनच्या ओट्यावर माझा हात उठला आणि त्या पोट्ट्याचा ओठ फाटला, तिथून सगळं बदललं. आधीचा मी वेगळा, नंतरचा वेगळा. आज तीन आठवडे झाले.

तो म्हणाला होता, "पहाटे पाचले नाल्यावर कोनता अभ्यास चालते बे तुमचा?" एवढंच. वरून हसला. तिच्याबद्दल होतं. तिचं पूर्ण नाव मी इथेही लिहीत नाही, प्र. पुरे. नाल्यावर आम्ही चौघं जायचो, झूलॉजीच्या मॅडम सोबत असायच्या. प्र.च्या प्रोजेक्टसाठी पाखरांचे पहाटेचे आवाज रेकॉर्ड करायला. आमच्या शेताला लागून नाला, नाल्यापलीकडून जंगल सुरू. त्या हलकटाला हे काय समजावून सांगायचं? दिली ठेवून.

प्राचार्यांनी माझ्या आणि त्या पोट्ट्याच्या बापाला बोलावलं. त्या खोलीत तिचं नाव चार वेळा निघालं, मी मोजलं. मला माफीनामा लिहायला सांगितला. मी कागद फाडला आणि निघून आलो. परत गेलो नाही. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं.

तिचं शेवटचं वाक्य, गेटपाशी: "तुले कोनं सांगितलं होतं मारायले?" मग ब्लॉक.

आज जेवताना बाबा म्हणाले, "कॉलेज नाई तं राखन कर." उद्यापासून पहाटे शेतात. आमची जवारी उशिराची, दाणा आत्ता भरलाय. पाखरं तुटून पडतात.

१२ मार्च, बुधवार

अंधारात माळ्यावर चढलो. गोफण, दगडांची पिशवी, पाण्याची बाटली. माळा म्हणजे चार बल्ल्यांवर बांधलेली खाटच, हलते.

अंधारातच बोलणारा रातवा आधी, चक् चक् चक्. तो थांबला की कोतवाल. मग बाभळीच्या शेंड्यावरून दयाळ. काय गातो साला. एक ओळ म्हणतो, थांबतो, दुसरी म्हणतो, पहिलीसारखी नाही.

सवयीनं डोळे मिटले आणि बोट वर गेलं. ही प्र.ची रीत. डोळे मिटून बसायचं, नवा आवाज आला की बोट वर करायचं, बोलायचं नाही. फेब्रुवारीत एकदा दयाळ बोलला आणि आमची दोघांची बोटं एकाच वेळी वर गेली. मी डोळे उघडले तर ती माझ्याकडे बघून हसत होती. त्या एका हसण्यावर मी काय काय बांधलं. बंगला बांधला.

फटफटलं तशी गोफण फिरवली. दयाळ गप्प. मीच गप्प केला.

१३ मार्च, गुरु. होळी

मॅडमना फोन केला. तीनदा मीच कापला, चौथ्यांदा लावला.

प्र.च्या घरून पहाटेचं बंद केलंय. "पोरीचं नाव चारचौघांत गेलं" म्हणाले तिचे वडील. पंधरा सकाळी हव्यात प्रोजेक्टला. झाल्यात सहा. महिनाअखेर जमा करायचंय. बाकीचे दोघं परीक्षेच्या मागे.

म्हणजे माझ्यामुळे.

मी म्हणालो, "नऊ मी करून देतो. मी तसाही रोज पहाटे तिथंच असतो."

मॅडम म्हणाल्या, "जागा तीच, वेळ तीच. साडेपाच ते साडेसहा. आणि काही बदलायचं नाही, कळलं का? जसं आहे तसं. तिला काय सांगू, कोणी केलं?"

"नाव नका सांगू."

होळीला गेलो नाही. माय पुरणाची पोळी ताटात वाढून बसली होती. खाल्ली. चव लागली नाही.

१४ मार्च, शुक्र. धुळवड

पहिलं रेकॉर्डिंग. सत्यानाश. ५.५२ ला शेजारच्या शेतातून सुखदेवकाकांचा डबा सुरू. तेलाचा रिकामा पिपा, त्यावर काठी. वरून त्यांचं "हाऽऽ हो! हाऽऽ हो!" दयाळ गेला, बुलबुल गेले, उरला पिपा.

हे तिला पाठवू?

आमच्या नि त्यांच्या शेतामधल्या धुऱ्यावर जाऊन म्हटलं, "काका, साडेसहापर्यंत डबा वाजवू नका."

"काऊन बे?"

"काम आहे."

"पाखरू तुह्या घड्याळावर खाते का?"

माझी सटकली. पिप्याला लाथ मारली. गडगडत थेट नाल्यात गेला. सत्तरीचा माणूस नाल्यात उतरून तो घेऊन वर आला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

घरी येऊन आंघोळ केली. रंग लागलाच नव्हता, तरी तासभर चोळत बसलो.

१६ मार्च, रवि

काकांच्या माळ्याखाली जाऊन उभा राहिलो. माफी मागायची होती. ती मला येत नाही, कॉलेजातच कळलंय ते. नुसता उभा होतो.

वरून तेच म्हणाले, "पोरगी आहे का?"

मी पायानं ढेकूळ फोडलं.

"सांग ना बे. पिप्याले लाथ मारते म्हंजे पोरगीच आहे."

सगळं सांगितलं. पाखरं, प्रोजेक्ट, नऊ सकाळी. त्यांना खूप हसू आलं. म्हणाले, "आमी पोरीसाठी जत्रेतून बांगड्या आनत होतो. तू पाखराचा गोंधळ पाठवून राह्यला." मग सौदा. साडेसहापर्यंत ते डबा वाजवणार नाहीत. बदल्यात संध्याकाळची त्यांच्या शेताची राखण माझ्याकडे. संध्याकाळी थवे येतात ते वेगळे.

"आन् तुह्या बापानं इचारलं तं मी काई नाई सांगनार. तूच सांगजो."

मीही साडेसहापर्यंत गोफण उचलायची नाही असं ठरवलं.

१७ मार्च, सोम

क्र. १. साडेपाच ते साडेसहा. हवा थंड, ढग नाही, वारा नाही.

माणसाचा एकही आवाज नाही. फोन बल्लीला बांधला होता, मी खाली ढेकळात बसलो, श्वाससुद्धा हळू.

रातवा. कोतवाल. दयाळ, आज दोन, एकमेकांना उत्तरं देत. तितूर जंगलाच्या बाजूनं. मोर लांब. बुलबुल, होले, साळुंक्या, कुंभारकावळ्याचं ते घुम् घुम्, विहिरीत हंडा बुडाल्यासारखं. आणि उजाडलं तसा पळसाकडून भोरड्यांचा थवा आला. गुलाबी पाठीच्या, दोनशे तरी असतील. जवारीवर उतरल्या आणि सगळं शेत चिवचिवायला लागलं. इतका आवाज की छातीत भरला.

रडू आलं. लिहून ठेवतो, कोण वाचणार आहे.

मॅडमना पाठवलं. त्यांचं उत्तर: "छान. स्पष्ट आहे."

१८ मार्च

क्र. २. कालच्यापेक्षा जास्त. भोरड्या आधीच आल्या, पळसावर न थांबता.

१९ मार्च

क्र. ३. तांबट पहिल्यांदा. संध्याकाळी काकांचं शेत. हात दुखतो गोफणीनं.

२० मार्च, गुरु

मॅडमचा मेसेज. जसाच्या तसा उतरवतो: "ती म्हणते, त्याले सांगा मधात खोकू नको."

त्याले!

नाव कोणी सांगितलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, मी अक्षर बोलले नाही. खोकल्यावरून ओळखलं तिनं मला. एका तासाच्या पाखरांच्या गोंधळात माझा एक खोकला, तोही हातात तोंड दाबून, आणि तिनं ओळखलं.

दिवसभर गाणं म्हणत होतो. माय म्हणाली, "काय झालं रे तुले, ताप गिप आहे काय?" मेसेज चाळीस वेळा वाचला असेल. तिनं "बंद करा" म्हटलं नाही. "खोकू नको" म्हटलं. म्हणजे चालू ठेव. म्हणजे...

२१ मार्च

क्र. ५. खोकला आला, गिळला. डोळ्यांतून पाणी आलं पण आवाज नाही. पाखरं आता जातच नाहीत, साडेसहाला गोफण मारली तरी एक फेरी मारून परत.

२२ मार्च, शनि

बाबा न सांगता शेतात आले. सात वाजले होते. नाल्याकडच्या ओळींत शिरले, एक कणीस वाकवलं, दुसरं वाकवलं. अंगठ्यानं चोळलं, तूस उडालं नुसतं.

"पोकय आहेत."

त्यांनी तिसरं वाकवलं.

"पाखरांची पंगत बसवली का बे तू?"

ओरडले असते तर मी पण ओरडलो असतो. ओरडले नाहीत. त्यामुळे सगळं सांगावं लागलं. प्र.चं नाव नाही सांगितलं, पण त्यांना माहीत होतंच, प्राचार्यांच्या खोलीत तेही होते. ते धुऱ्यावर बसले. तंबाखू मळली. मळतच राहिले, तोंडात टाकली नाही.

"किती दिवस राह्यले?"

"तीन."

"सांगतलं असतं तं तिकडची बाजू आधी सोंगून घेतली असती." एवढंच बोलून उठले.

२३ मार्च, रवि

क्र. ७. बाबा पहाटे माझ्यासोबत आले. नाल्याकडून चार ओळी सोडून उभे राहिले, गोफणीत दगड घालून, दोरी हाताला गुंडाळून. समोर भोरड्या आमची जवारी खाताहेत. बाबा बघताहेत. हालले नाहीत. अर्धा तास. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो.

उजाडल्यावर हळूच, कुजबुजत: "साडेसहा झाले काय?"

"अजून सात मिनिटं."

"बरं."

२४ मार्च. क्र. ८. बाबा होते.

२५ मार्च, मंगळ

क्र. ९. संपलं. पंधरा झाल्या तिच्या. सुखदेवकाकांनी ५.३० ते ६.३० पूर्ण तास डोक्याला फडकं बांधून माझ्याजवळ बसून ऐकलं. शेवटी म्हणाले, "सत्तर वर्षांत पयल्यांदा नुसतं ऐकलं बापा. आजपर्यंत हाकलतच होतो."

साडेसहाला तिघांनी मिळून डबा, गोफण, आरडाओरडा. इतकं हलकं मला फेब्रुवारीपासून वाटलं नव्हतं.

आता ती अनब्लॉक करेल.

२६ मार्च, बुध

फोन आला. मॅडमच्या नंबरवरून. पण ती.

आठवतं तेवढं लिहितो.

"तू राखन बंद केली होती का?"

"हो. तुह्यासाठीच."

"आन् शेजारच्यानं?"

"त्यानं बी. मीच सांगतलं."

मला वाटलं, ती रडते आहे. मी म्हणालो, "एवढं काय त्यात."

"फेब्रुवारीत आपन सहा दिवस केलं तवा काका डबा वाजवत होते. मी डबा बी लिहून ठेवला होता, वेळ टाकून. कोनतं पाखरू डब्यानं उडते, कोनतं नाई उडत, कोन परत येते, तेच तं पाहाचं होतं मले. शेत आन् जंगल लागून आहे तिथी. राखन बंद केल्यावर पाखरं वाढनारच ना? रोज वाढली. मले वाटलं, माहंच काही चुकून राह्यलं. चार दिवस आकडे मांडत बसली मी."

"मंग? आवाज तं खरेच आहेत."

"हे जंगलाच्या कडेचे आवाज नाईत रे. जेवनावळीचे आहेत. नऊच्या नऊ सकाळी कामाच्या नाईत."

मॅडम म्हणाल्याच होत्या. काही बदलायचं नाही. मी ऐकलं होतं ते. ऐकून बाजूला ठेवलं होतं.

मग मी विचारू नये ते विचारलं. म्हणालो, खोकला ओळखला ना तू माहा. तुह्या मनात काहीच नव्हतं का कधी? नाल्यावर?

ती म्हणाली, "मले पाखरं ऐकाची होती. तू बाजूले होता."

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो.

"तू इचारत काऊन नाईस कोनाले काही करायच्या आंदी?" आणि ठेवला.

२७ मार्च

शेतात गेलो नाही. मॅडमना लांबलचक मेसेज लिहिला, इतकं केलं, बापाची जवारी खाऊ घातली, हे फळ? पाठवला नाही. पुसला. परत लिहिला. परत पुसला. नऊ रेकॉर्डिंग डिलीट करायला घेतली, एक ऐकून बघू म्हटलं, आणि सगळी ऐकत बसलो.

मी बाजूला होतो.

२८ मार्च, शुक्र

संध्याकाळी काकांच्या शेतात. सौदा संपला होता तरी गेलो. सांगितलं त्यांना.

या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "तुह्याजवळ दोनच गोष्टी आहेत लेका. झापड आन् उपकार. दोन्ही कोनी न मांगता देते तू."

उठून जाणार होतो. गेलो नाही. गोफण मारत राहिलो. खरं आहे, म्हणून जास्त लागलं. त्या पोट्ट्याला मारलं तेव्हाही मला वाटत होतं मी तिचंच काम करतोय. त्या झापडीनं तिची पहाट गेली. आता ही दुसरी झापड.

मॅडमना फोन केला. कॉलेजनं तिला १५ एप्रिलपर्यंत वाढवून दिलंय. नऊ सकाळी अजूनही होऊ शकतात. पण घरून सोडत नाहीत. तिच्या वडिलांच्या डोक्यात बसलंय की आमचं दोघांचं काही होतं आणि पाखरं हे निमित्त.

ते मोडू शकणारा माणूस एकच आहे.

मॅडमना म्हणालो, "मी त्यांच्याकडे जाऊन खरं काय ते सांगू का? तिला विचारा. नाही म्हणाली तर नाही जाणार."

२९ मार्च, शनि

पहाटे शेतात गेलो. फोन नेला नाही. दयाळ होता. काकांचा डबा ५.५० ला. दयाळ उडाला, पण बुलबुल नाही उडाले! चार मिनिटांत दयाळ परत, त्याच बाभळीवर. मी इतके दिवस हे बघितलंच नाही. तिला हेच ऐकायचं होतं. किती साधं होतं.

माळ्यावर बसून मोठ्यानं म्हणून पाहिलं. "तिच्या मनात काही नव्हतं. सगळं माह्याच मनात होतं." पहिल्यांदा "तिच्या" वरच थांबलो. दुसऱ्यांदा "काही" वर अडकलो. पाचव्यांदा नीट आलं. खालून बाबा ओणवे होऊन कणसं कापत होते, त्यांनी ऐकलं असेल. मान वर केली नाही.

दुपारी तिचा निरोप, मॅडमच्या मेसेजमधून: "जा म्हणते. खरं तेवढंच सांगजो, माह्याबद्दल वरून चांगलं काही लावू नको. त्या पोराले मारलं ते बी सांगजो, चूक म्हणून. आणि मंग नाल्यावर माह्यासाठी थांबू नको."

शेवटचं वाक्य वाचून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. ऊन होतं. बसूनच राहिलो.

३० मार्च, रवि. पाडवा

पाच वाजले. आज तिचे वडील घरीच असतील, दुकान दुपारनंतर. संग्रामपूरला पोचेपर्यंत त्यांची पूजा झालेली असेल.

माय गुढीचा तांब्या घासते आहे. "सनासुदीचा कुठी चालला एवढ्या सकाळी?"

"संग्रामपूरले."

"कोनाकडे?"

"काम आहे." मग थांबून सांगितलं, कोणाकडे ते. तिनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "शांत राहाजो. ते बोलले तरी तू बोलू नको."

ते काय करतील माहीत नाही. हाकलतील. हात उचलतील कदाचित. उचलला तर माझा उठायला नको, एवढंच स्वतःला बजावतोय. की नुसतं ऐकून घेतील आणि तरी तिला नाही सोडणार. हेही होऊ शकतं. मग मी हे सगळं तोंडानं बोलून बसलेला असेन आणि तिला पहाटही मिळालेली नसेल.

आणि सोडलं तर? तर परवापासून ती नाल्यावर येईल, आमच्या शेताला लागूनच, आणि मी तिकडे जायचं नाही.

बाबा म्हणाले, राखण मी पाहतो. गाडीत पेट्रोल आहे.

बाहेर सुरू झालंय सगळं. कोतवाल, आता दयाळ. आज हे कोणासाठी ऐकत नाहीये मी. ऐकू येतंय, म्हणून.

वही ठेवतो. खोलीचं दार लावून निघतो.